फुकट मिळवलेल्या शिफारशी

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "नीताताई, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहून द्या. दिवाळी आहे, लोक चिवडा खात वाचतात." मी म्हटलं, गमती आहेत, पण सध्या मी भडकलेली आहे, लिहायला बसले तर तेच उतरेल. ते म्हणाले, "उतरू दे." त्यामुळे चिवडा घशात अडकला तर त्यांना जाऊन भेटा.

मी बोरीवलीची. आधी एका दैनिकात मुद्रितशोधक होते. ते बंद पडल्यावर अंधेरीच्या एका डिजिटल एजन्सीत लागले आणि चौदा वर्षं तिथेच काढली. मी नेमकं काय करते हे माझ्या नवऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही. सोसायटीत कुणी विचारलं की तो सांगायचा, "कॉम्प्युटरवर असते ती."

तुम्हाला सांगते, अवघड नाही. समजा तुम्ही घाटकोपरला नवीन राहायला आलात आणि दाढ ठणकायला लागली. शेजारीण म्हणते अमक्या डॉक्टरकडे जा. वाणीही तेच नाव घेतो. वॉचमनसुद्धा त्याच दवाखान्याकडे बोट दाखवतो. मग तुम्ही तिथेच जाता ना? सर्च इंजिनचं असंच असतं. एका वेबसाइटने आपल्या पानावर दुसरीचा पत्ता दिला की त्याला बॅकलिंक म्हणतात. मशीन ती शिफारस समजतं. ज्याच्या मागे चांगल्या लोकांच्या शिफारशी जास्त, तो यादीत वर. लोक पहिली दोन-तीन नावंच बघतात, खाली उतरायचे कष्ट कोण घेतो! अशा शिफारशी गोळा करणं हे माझं काम.

त्या विकतही मिळतात. ढिगाने मिळतात. मी एकही विकत घेतली नाही, आणि या गोष्टीचा मला भयंकर माज होता. लग्नात, हळदीकुंकवाला, कुठेही भेटलं की लोक बाजूला घेऊन विचारायचे, "फुकटात बॅकलिंक कशी मिळते हो?" अहो, त्यात गुपित कसलं? मेहनत आहे नुसती. "आमच्यासाठी लिहा" असं पान ज्या ब्लॉगवर असेल ते ब्लॉग हुडकायचे. कुणाच्या ब्लॉगवर एखादा पत्ता बंद पडलेला दिसला तर त्याला आधी ते कळवायचं, मग त्या जागी आपलं पान सुचवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाहुण्यासारखा एक लेख लिहून द्यायचा. फुकट, पण असा की त्याने स्वतः लिहिला असता तर एवढा बरा झाला नसता. त्यात एका ठिकाणी आपल्या ग्राहकाचा पत्ता. लेखावर नाव ग्राहकाचंच. एका वर्षात मी दातांची डॉक्टर, गच्चीचं वॉटरप्रूफिंग करणारा कंत्राटदार आणि लग्नाच्या फेट्यांचा व्यापारी होते.

माझा एक नियम होता. ज्याला मेल करायची त्याचा अख्खा ब्लॉग वाचायचा. पहिल्या लेखापासून. एजन्सीत यावर सगळे हसायचे. आमचा मालक, त्याला आपण तन्मय म्हणू, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्याने एकदा मला न विचारता मशीनवरून माझ्या नावाने तीनशे मेल सोडल्या. "तुमचा ताजा लेख वाचून फार आनंद झाला, असंच लिहीत राहा." मुलुंडच्या एका गृहस्थांनी उलट उत्तर पाठवलं. त्यांचा ताजा लेख बायको गेल्याबद्दल होता. मी तन्मयच्या टेबलावर ती मेल छापून ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "वाच. मोठ्याने वाच." त्याने वाचली नाही. म्हणाला, "ताई, तीनशेतून एक. चालतं." मी त्या गृहस्थांच्या घरी जाऊन माफी मागून आले. त्यांनी चहा दिला, हे त्यांचं मोठेपण.

तेव्हाच सोडायला हवी होती नोकरी. नाही सोडली. पगार चांगला होता आणि मला वाटायचं, निदान माझं टेबल तरी स्वच्छ आहे.

आता सुलभाताईंबद्दल.

मुलुंडची एक पॅथॉलॉजी लॅब आमची ग्राहक झाली. रक्त तपासणारी साधी लॅब, मालक सज्जन. साखर तपासायला येणारे लोक वाढावेत अशी त्यांची इच्छा. मी एका आहारतज्ज्ञ बाईंकडून मधुमेहींसाठी एक तक्ता करून घेतला, सकाळी काय, दुपारी काय, किती वाटी. तो लॅबच्या वेबसाइटवर टाकला आणि शिफारशी गोळा करायला निघाले. शोधता शोधता जोगेश्वरीच्या सुलभाताईंचा ब्लॉग सापडला.

महापालिकेच्या दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य गेलेलं. नवरा गिरणीत होता. गिरणी गेली, मग त्याला साखर लागली, मग डोळे गेले, मग तोही गेला. त्याला इतकी वर्षं काय खायला घातलं आणि कुठे चुकलं, ते बाई निवृत्तीनंतर लिहायला लागल्या. कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, सुकटीची किसमूर. "डॉक्टर भात बंद कर म्हणतात. कोकणातल्या माणसाला भात बंद कर म्हणजे काय? चला, किती खायचा ते मोजू." असं त्या लिहायच्या. खाली वाचकांचे शंभर प्रश्न, आणि प्रत्येकाला उत्तर. मी तीन रात्रींत सगळा ब्लॉग वाचला आणि मेल न करता सरळ घरी गेले.

बाईंनी दारातच विचारलं, "विकूक काय आणलंस?"

मी खरं सांगितलं. लेख देते, एक पत्ता द्या, पैसे देणार नाही आणि घेणारही नाही. त्यांना ते आवडलं. पैसे देणारे त्यांनी बरेच हाकलले होते. पण अडचण वेगळीच होती. त्या बाहेरचा कुठलाही पत्ता दिला की खाली ओळ टाकायच्या, की हे बाहेरचं आहे, मी जबाबदार नाही. शिवाय भाच्याकडून शिकून त्या दुव्याच्या आत एक शब्द घालायच्या, जो वाचकाला दिसत नाही पण मशीनला कळतो. त्याचा अर्थ असा की पत्ता दिलाय, शिफारस नाही. मग माझ्या लेखी त्या पत्त्याची किंमत जवळजवळ शून्य.

मी त्यांचं मन वळवलं. हे मी लिहितेय, कारण यात तन्मयचा काही संबंध नाही. मी वळवलं. दोन वेळा जाऊन, त्यांच्या हातचं खाऊन वळवलं. म्हटलं, तुम्ही स्वतः तक्ता तपासा, चूक असेल तर मी बदलून आणते, पण पटला तर मनापासून शिफारस करा ना. त्यांनी दोन संध्याकाळी बसून तपासला. दुपारच्या भाताचं माप जास्त होतं, ते बदलायला लावलं. मग मला विचारलं, "तू खात्री दितस?"

"देते," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं, "हा तक्ता मी स्वतः तपासला आहे. निर्धास्त वापरा." आणि खाली पत्ता. आतला तो शब्दही काढला.

लॅब दोन महिन्यांत यादीत वर. सुलभाताईंचं नाव होतं म्हणून आणखी बऱ्याच लोकांनी तोच पत्ता दिला. सदतीस जागा मिळवल्या मी त्या एका पानासाठी, सगळ्या फुकट. ऑफिसात केक कापला.

आता आमच्या धंद्यातला मूर्खपणा ऐका. मिळवलेली शिफारस कुणी गुपचूप काढून तर टाकत नाही ना, हे बघायला आमच्याकडे कॉम्प्युटरवर एक पत्रक असायचं. मशीन रोज सगळ्या ब्लॉगांवर जाऊन यायचं आणि पत्ता जागेवर असला की हिरवी खूण करायचं. सुलभाताईंच्या नावापुढे दीड वर्ष हिरवी खूण होती. मी रोज सकाळी चहा पिता पिता ती बघत होते. पत्ता आहे का, एवढंच आम्ही बघायचो. त्या पत्त्यावर आता कोण राहतंय, हे बघायची आमच्यात पद्धतच नव्हती. दुसऱ्यावर नजर ठेवायची अक्कल होती, आपण काय टिकवून धरलंय ते बघायची नव्हती.

एक दिवस दुपारी सुलभाताईंचा फोन आला. नेहमी "काय गो" म्हणून सुरुवात करणाऱ्या बाई सरळ म्हणाल्या, "नीता, माझ्या ब्लॉगार जा. खालची कमेंट वाच."

मनोरीच्या एका मुलीने लिहिलं होतं, "ताई, तुम्ही तपासलेल्या पावडरने माझ्या सासूबाईंच्या पायाची दोन बोटं गेली."

मी तक्त्याच्या पत्त्यावर बोट ठेवलं. तक्ता नव्हताच. एक पांढऱ्या कोटातला माणूस, हसतोय मेला, आणि मोठ्या अक्षरांत "मधुमेह मुळापासून. गोळ्या कायमच्या बंद." खाली पावडरचा डबा.

लॅब आमच्याकडून जाऊन वर्ष झालं होतं, हे मला माहीत होतं. त्यांनी नव्या नावाने नवी वेबसाइट केली, हेही माहीत होतं. जुन्या वेबसाइटचं काय झालं, हे मी कधी विचारलं नव्हतं. मी तडक तन्मयच्या केबिनमध्ये गेले.

"मुलुंडच्या लॅबचा जुना पत्ता कुणाच्या नावावर होता?"

"आपल्याच. सगळ्यांचे आपल्याच नावावर घेतो आपण, सोपं पडतं."

"मग आता तिथे पावडर कशी?"

"विकला ना तो," तो म्हणाला. चेहऱ्यावर काही नाही. "चांगला गेला, ताई. तुमच्या सदतीस लिंक होत्या ना त्याला. एकदम ऑरगॅनिक, एकही पेड नाही. पार्टी खूश झाली."

मी त्याला कमेंट वाचून दाखवली. या वेळी मीच मोठ्याने वाचली. तो म्हणाला, "हे वाईट झालं. पण आपण पावडर विकली का? आपण पत्ता विकला."

"आणि ती बाई? जिने तपासून लिहिलं होतं?"

"त्यांनी चेक करायला नको का अधूनमधून?"

माझं डोकं फिरलं. चौदा वर्षांत त्या ऑफिसात मी जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या दहा मिनिटांत बोलले, आणि त्यातलं निम्मं इथे छापता येणार नाही. म्हटलं, अरे मेल्या, लोकांनी माझं तोंड बघून शिफारस केली. त्यांचा शब्द होता तो, माझ्याकडे ठेवायला दिलेला. तू तो उचललास आणि बाजारात नेऊन विकलास. निदान विचारायचं होतंस! तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुम्ही त्या ब्लॉगवाल्यांना आता काही कळवू नका. पार्टीला शब्द दिलाय." शब्द दिलाय म्हणे! पावडरवाल्याला दिलेला शब्द पाळायचा होता त्याला. मी तिथेच राजीनामा लिहिला, त्याच्याच पेनाने, आणि सदतीस ब्लॉगांची माझी वही पिशवीत टाकून निघाले.

दुसऱ्या दिवशी सुलभाताई आणि मी मार्वेहून तरीने मनोरीला गेलो. बाई सगळा वेळ समोर बसून पाण्याकडे बघत होत्या. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "आता नको."

त्या मुलीच्या सासूबाई हिराबाई ओटीवर बसल्या होत्या, पाय पाटावर, पट्टी बांधलेला. साठीच्या. जन्मभर पाटी डोक्यावर घेऊन तरीने पलीकडे जायचं आणि मालाडच्या बाजारात मासळी विकायची. पायाच्या बोटाला माशाचा काटा लागला होता. असे काटे त्यांना शेकडो लागले असतील. पण या वेळी पावडरच्या भरवशावर साखरेच्या गोळ्या तीन महिने बंद होत्या, जखम चिघळली. सून घाबरीघुबरी सांगत होती, "मी वाचून दाखवलं त्यांना. ताईंनी लिहिलंय मी तपासलंय, निर्धास्त वापरा. मला वाटलं तक्त्याच्या जागी ताईंनी आता पावडर दिली."

सुलभाताई हिराबाईंच्या पायाशी बसल्या आणि नर्सच्या सवयीने आधी पट्टी बघितली. मग म्हणाल्या, "माझ्या नावार झाला ह्या. माझी चूक."

मी म्हटलं, "त्यांची नाही. माझी आहे. त्या सावधगिरीची ओळ लिहायच्या, ती मी काढायला लावली." आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. लिंक, लॅब, तन्मय. हिराबाईंना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मना लिवता वाचता नाय येत. तू शिकलेली. तुला वाचता येतं, मंग तू का नाय वाचलंस?"

हिराबाईंनी ओटीवरची रिकामी पाटी माझ्याकडे ढकलली.

"मंग आता तूच बस माझ्या पाटीवर. म्हावरं इक. दोन नाती उजवायच्या हायेत, ये आणि इक." रागाने त्यांचा आवाज चिरकला. सूनबाई "आई, असू दे" म्हणाली तर तिलाही गप्प केलं. त्या बरोबर बोलत होत्या, त्यांना तो राग काढायचा पूर्ण हक्क होता. आम्हाला कुणी पाणी विचारलं नाही आणि आम्हीही थांबलो नाही.

घरी येऊन वही उघडली. सुलभाताईंनी आपला पत्ता आधीच काढला होता, उरलेल्या छत्तीस लोकांना एकेक करून मेल लिहिली. त्यांच्याकडून पत्ता मागायला जितकी मेहनत घेतली होती, त्याहून जास्त पत्ता काढा म्हणायला घेतली. कुणाला फोन केले. एका आजोबांना तर त्यांच्या घरी जाऊन काढून दिला, त्यांना काढता येत नव्हता. बहुतेकांनी लगेच काढला. दोघांनी उत्तरच दिलं नाही. आणि एका हिरोने लिहिलं, "लिंक रिमूव्हल चार्जेस लागतील." याला मी पाहुणी म्हणून सुंदर लेख दिला होता, फुकट, दोन आठवडे राबून! मी त्याला आधी चार शिव्या लिहिल्या, त्या खोडल्या आणि पैसे पाठवले. उभ्या आयुष्यात बॅकलिंक लावायला एक पैसा दिला नव्हता, काढायला दिला.

पावडरवाल्याविरुद्ध तक्रार केली आहे, जिथे जिथे करता येते तिथे. पोचपावत्या आल्या आहेत. तो पांढऱ्या कोटातला माणूस अजून हसतोय.

सुलभाताईंनी मात्र ब्लॉगच बंद केला. मी जोगेश्वरीला गेले, हातापाया पडले. म्हटलं, तुम्ही बंद केलंत तर तुमची जागा मोकळी राहणार नाही, तो पावडरवालाच वर चढेल, मला माहीत आहे हे कसं चालतं, माझा धंदा आहे तो. बाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझा नवरो गेलो तेव्हा मी लिवूक बसलंय. आता ह्या बाईचो पाय बघितलंय. आता माझो हात चालणा नाय, नीता. रागान नाय सांगत." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

सांगितलं होतं तसंच झालं. छत्तीसातले चौतीस पत्ते काढून तो थोडा घसरला होता. बाईंचा ब्लॉग गेल्यावर पुन्हा वर आला. मी रोज सकाळी बघते. आता हिरवी खूण नाही, स्वतः उघडून बघते. काही करता येत नाही आणि तरी बघते, आणि रोज नव्याने तळपायाची आग मस्तकात जाते.

गेल्या आठवड्यात हिराबाईंच्या सुनेचा फोन आला. माझा नंबर तिने त्या दिवशीच घेतला होता. मला वाटलं, आता ही ऐकवणार. पण तिचा आवाज साधा होता. सासूबाई काठी घेऊन चालतात, पाटी नेत नाहीत, साखर आटोक्यात आहे.

"मॅडम, ताईंचं उघडतच नाही आता," ती म्हणाली. "आईंना भात किती द्यायचा, मासळी कुठली द्यायची, आता कुठे बघू? तुम्हाला ठाऊक असेल ना एखादं चांगलं?"

चौदा वर्षं लोकांना पत्ते देत आणि देववत आले मी. डोक्यात पन्नास ब्लॉग आले, पण एकाचंही नाव तोंडातून बाहेर पडेना.

"फोनवर काही बघू नकोस गं," मी म्हटलं. "दवाखान्यात विचार."

"दवाखान्यात कोण एवढं सांगतं, मॅडम?" ती म्हणाली. "म्हणून तर ताईंचं वाचायचो."